कोलीनची तपकिरी बॅग

प्राग, शनिवार, १४ मार्च १९६४

प्रिय आई,

तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांचं मलम लावताय, की बरणी खिडकीत शोभेला ठेवलीय? मी ठीक आहे. इथं अजून कडाक्याची थंडी आहे आणि स्टुडिओच्या शिवणखात्यातली शेगडी धड पेटत नाही.

सिनेमासाठी तुमच्याकडून नेलेली तपकिरी बॅग उद्या कोलीनला आणून द्यायचं मी कबूल केलं होतं. उद्या येणं होणार नाही, म्हणून हे पत्र आजच तिकडे निघालेल्या एका ओळखीच्या बाईंबरोबर पाठवतेय.

सिनेमाचं तुम्ही मुद्दाम विचारलं होतं, ते सांगते. गाण्यांचा आहे, विनोदी. वीस बायका नवऱ्यांना कंटाळून बॅगा उचलतात आणि गात गात जिना उतरतात. मागे नवरे क्नेडलीकचे पिठाचे गोळे उकडायला जातात आणि पातेल्यात नुसती खळ उरते. शेवटी "आता सगळं बरोबरीनं" असं गात ते माफी मागतात आणि बायका तोच जिना चढून घरी येतात. नाचणाऱ्यांपैकी दोघी आजारी पडल्या, म्हणून आम्हा शिवणाऱ्यांतल्या दोघींना उभं केलं. मी शेवटून तिसरी.

सोमवारी दिग्दर्शक वैतागला. "बायांनो, बॅगा रिकाम्या आहेत हे आंधळ्यालाही कळेल. उद्या घरून भरून आणा." म्हणून तुमची बॅग भरली. दोन झगे, हिवाळी बूट, माझी मोठी कात्री, मापाची फीत, माझ्या आईचा फोटो. दहा मिनिटं लागली. सात वर्षांच्या संसारात माझं म्हणावं असं सगळं त्यात मावलं आणि वर जागा उरली, तेव्हा मला हसूच आलं. उरलेल्या जागेत रादोवानची जुनी वर्तमानपत्रं कोंबली. कुलूप तुम्ही सांगितलं तसंच आहे, डावीकडे अंगठा दाबून धरल्याशिवाय बसत नाही.

मध्येच उठून चहा ठेवला, तो उतू गेला. सकाळपासून असंच चाललंय.

गेल्या शनिवारी रादोवाननं कारखान्यात महिला दिनाचं भाषण केलं, ते त्यानं तुम्हालाही वाचून दाखवलं. चांगलं होतं, खरंच. प्रत्येकीला लाल कार्नेशनचं फूल दिलं. ब्रेडचे तुकडे सजवायला आदल्या दिवशी आम्ही बायकाच बसलो होतो आणि नंतरचे पेलेही आम्हीच विसळले, पण ते जाऊ दे.

मंगळवारी शूटिंगच्या मधल्या वेळेत आमच्या प्रमुख हावेल्कोवाबाई माझ्या कमरेला टाचण्या लावत होत्या. म्हणाल्या, "तू ब्रनोला नाही म्हणालीस, वाईट वाटलं गं मला."

ब्रनोचा दोन वर्षांचा वर्ग, आई, कपडे बेतण्याचा. इथून एकीलाच पाठवतात. मी जानेवारीत अर्ज दिला होता आणि रोज पोस्टमनची वाट बघत होते.

"मी कुठं नाही म्हणाले?"

"अगं, तुझा नवरा येऊन सांगून गेला की."

घरी गेले तर तो जेवत होता. विचारलं, तर घास खाली ठेवला नाही. "तुला नाही म्हणायला जड गेलं असतं, म्हणून मीच सांगून टाकलं. आणि दर रविवारी आईकडे कोण जाणार? आईलाही तसंच वाटतं."

तेच विचारायला हे पत्र. तुम्हाला खरंच तसं वाटतं? रविवारी मी ब्रनोचा विषय काढला, तेव्हा तुम्ही बशीकडे बघत राहिलात. मला राग आलाय, तुमचाही. पण राहून राहून एक मनात येतं. ही बॅग कपाटावरून कधी खाली आलीच नाही, असं तुम्ही म्हणता. मग तिचं कुलूप कसं बसतं ते तुम्हाला कसं ठाऊक? नसेल सांगायचं तर सांगू नका.

बुधवारी परतण्याचा प्रसंग होता. चौदा वेळा जिना चढलो. दिग्दर्शक ओरडला, "शेवटून तिसरी, हस की गं. घरी चाललीयस, दाढ काढायला नाही." मी हसले. संध्याकाळी पाचच्या ट्राममध्ये बसले, बॅग मांडीवर. आमचा थांबा आला, दार उघडलं, माणसं उतरली. मी बसून राहिले. भीती वाटत होती, अजून वाटते.

तेव्हापासून हावेल्कोवाबाईंच्या कोचावर आहे. त्यांनी ब्रनोला फोन केला. जागा अजून आहे, पण सोमवारी स्वतः जाऊन नाव नोंदवायचं आहे. मी जाणार आहे. रादोवानला चिठ्ठी टाकलीय. उद्या तो तुमच्याकडे येईल, भुकेला आणि चिडलेला. त्याला जेवू घाला. फक्त "चार दिवसांत येईल परत" असं त्याला सांगू नका.

बॅग मला राहू द्या.

सिनेमा हिवाळ्याच्या आत कोलीनला लागेल. त्यात मी हसत हसत जिना चढून घरी जाताना दिसेन. शेजारणी म्हणतील, बघा, आली की नाही. म्हणू देत. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघू नका, हातातल्या बॅगेकडे बघा. ती भरलेली आहे.

तुम्ही नको म्हणेपर्यंत तुमची सून,
व्लास्ता