बिननांगरणीचा मसूर

१० नोव्हेंबर
गास गावच्या ओळखीतल्या गॉडफ्रेने भात कापून रिकामं झालेलं दोन गुंठे शेत वापरायला दिलं. फुकट! संपदाची अट एकच : आधी आपल्या शेतातल्या मसुराची एक कुकर उसळ दाखवा, मग नोकरी सोडा. एकच कुकर? बायकोला माझी कुवतच माहीत नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळी
पेरणी. एका गुंठ्यात पॉवर टिलर, दुसऱ्यात नांगरणी शून्य. युट्यूबवाला म्हणतो, मातीची झोपमोड करू नये. बियाणं घरच्या डब्यातलं. केशरी, गुळगुळीत. दुकानदार काळपट सालीचे अख्खे दाणे गळ्यात मारत होता. मी काय दूधखुळा आहे?

१३ नोव्हेंबर
संपदा विचारत होती, मसूरडाळीचा डबा रिकामा कसा. विषय बदलला. संशोधन गुप्त ठेवावं.

२९ नोव्हेंबर
उगवलं!! न नांगरलेला गुंठा हिरवागार. टिलरवाल्या गुंठ्यात जेमतेम चार काड्या. निष्कर्ष : नांगरणीने मसूर मरतो. हे शेतकऱ्यांना कुणी सांगत कसं नाही?

१४ डिसेंबर
गॉडफ्रे बांधावरून म्हणाला, अरे बाबा, हे तण काढ की. जळतात लोक. तरी प्रयोग म्हणून एक कोपरा पूर्ण निंदला. आता तिथे नुसती माती. निष्कर्ष दुसरा : निंदणी पिकाला घातक. कंबरेलाही.

६ जानेवारी
पीक कमरेपर्यंत! मसूर गुडघ्यावर जात नाही म्हणे. पुस्तकं बदलावी लागणार. साहेबांना राजीनामा मेल केला. उद्यापासून टिफिन घेऊन थेट गास. संपदाला उसळीबरोबरच सांगेन.

८ फेब्रुवारी
शेंगा नाहीत. लाजरं वाण असावं.

१५ फेब्रुवारी, रविवार
संपदा पिशवी घेऊन कापणीला आली. शेताकडे बघतच राहिली. काय पेरलंत म्हणाली. सांगितलं. बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. अहो, सोललेली डाळ कधी उगवते का, म्हणाली. हे तिने नोव्हेंबरातच सांगायला हवं होतं. मग मी राजीनाम्याचं सांगितलं. हसू बंद. आता हेच गवत खा, म्हणाली. घाबरलो, खोटं कशाला लिहू.

१६ फेब्रुवारी
साहेबांना फोन केला. राजीनामा मागे घेतो म्हणालो. कंपनीचं नुकसान बघवत नाही, असंही म्हणालो. साहेब म्हणाले, कसला राजीनामा? मग विचारलं, का हो, तुम्ही येत नव्हतात का?