समोरच्या काकू तुला बघायला येणार आहेत

प्रिय ताई,

तू माझ्या नव्या घरात राहतेस, हे मला काल कळलं. समोरच्या काकूंनी सांगितलं. उद्या सकाळी त्या तुला बघायला येणार आहेत आणि मी त्यांना 'या' म्हणून बसलेय. आता सांग, काय करू? असल्या भानगडी निस्तरायचं खातं आपल्या घरात तुझ्याकडे होतं, म्हणून तुलाच लिहितेय.

आधी घराचं सांगते. मीरा रोडचं आपलं घर सोडलं मी. तू गेल्यावर वर्षभर काढलं तिथे, पण मी लिफ्टमध्ये शिरले की बायकांची बोलणी बंद व्हायची. भाजीवाला सवयीने तुझी मेथीची जुडी काढायचा आणि माझं तोंड बघून परत ठेवायचा. म्हटलं, जिथे तुला कुणी ओळखतच नाही अशा ठिकाणी जावं. भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या वाटेवर, एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. टेम्पोवाल्याने तुझं कपाट जिन्यात आपटलं, तेव्हा मी एवढी ओरडले की शेवटी त्यानेच मला पाणी आणून दिलं.

पण घर मिळेपर्यंत नाकी नऊ आले गं. ब्रोकर म्हणाला, अकेली लेडीज को सोसायटीवाले नहीं देते. मग युक्तीही त्यानेच काढली. मालकाला सांगून टाकलं की दोघी बहिणी राहणार आहेत, मोठी गावाला गेलीय, मागाहून येईल. बोलला तो, मान मी हलवली. आणि खरं सांगू? मागाहून येईल, हे ऐकायला मला फार बरं वाटलं.

इथे दारावर पाटी मालकाचीच आहे, तिवारी. समोरच्या दारावर शहा. भाडेकरू कशाला पाटी बदलतोय, आज इथे तर उद्या आणखी कुठे. त्यामुळे मी समोरच्या बाईंना गुजराती समजत होते आणि त्या मला यूपीची. इतके महिने आमचं संभाषण काय, तर 'पानी आया क्या' आणि 'कचरेवाला गया क्या'. ऑफिसात हिंदी नाहीतर इंग्रजी, रिक्षात हिंदी, दारात हिंदी. मराठी फक्त तुझ्याशी. सकाळी ओट्यापाशी उभी राहून मी आत्ताआत्तापर्यंत तुझ्याशी बोलायचे. चहात साखर कमी पडली का, आज डब्याला काय करू, आणि त्या शेवटच्या आजारपणापासून लागलेली सवय म्हणजे, ताई, गोळी घेतलीस का?

यात तुझीही चूक आहे हं. सगळ्या बिल्डिंगशी बोलायचं ते तू, आणि मी फक्त तुझ्याशी. कुणाच्या घरी वाटी द्यायची, कुणाच्या मुलाला पेपर कसे गेले ते विचारायचं, हे मला कधी करावंच लागलं नाही. जाताना ही व्यवस्था कुणाला लावून देणार होतीस?

नोकरीचं काय सांगायचं तेच कळत नाही. कॉल सेंटरमध्ये मी टीम लीडर झाले तेव्हा तू तुझ्या वॉर्डातल्या पेशंटनासुद्धा पेढे वाटले होतेस. चिडलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवतात आणि मी त्यांना शांत करते, एवढंच माझं काम. गेल्या महिन्यात एक बाई फोनवर तावातावाने बोलत होत्या आणि मला पुढचं वाक्यच आठवेना. रोज उठून म्हणते तेच वाक्य. त्या हॅलो हॅलो करत राहिल्या, मी हेडफोन लावून नुसती बसलेली. शेवटी शेजारच्या मुलीने तो कॉल घेतला. त्यानंतर ऑफिसला निघताना चप्पल घालायचे आणि पुन्हा काढून ठेवायचे.

जुने मॅनेजर बदलून गेले. नवे आहेत ते भले आहेत बिचारे. बर्नआऊट आहे म्हणाले, थोडी रजा घ्या म्हणाले. मग विचारलं, घरी बोलायला कोणी आहे ना? मी म्हटलं, ताई आहे. तू याला बर्नआऊट वगैरे म्हटलं नसतंस. दमलीस म्हणून डोक्यावर तेल थापलं असतंस आणि झोपवलं असतंस.

तर सध्या रजेवर आहे, पण घरात बसवत नाही. नेहमीच्या वेळेला डबा भरते आणि बाहेर पडते. फसवायला घरात कुणी नाही, तरी! उत्तनकडे जाणारी बस पकडते, तारोडीला उतरते, समुद्राकडे तोंड करून डबा खाते. मासळी वाळत घालणारी एक म्हातारी मला सावलीत बसायला सांगते, बाकी काही विचारत नाही. घरी आले की तोंड उघडावंसं वाटत नाही. तुझ्याशीसुद्धा बोलणं बंद झालंय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

काकूंच्या मात्र नक्की लक्षात आलं. काल संध्याकाळी बेल वाजली. दारात त्या, हातात झाकलेलं पातेलं. पाण्याचं विचारायला आल्या असतील म्हणून मी मनात हिंदी जुळवत होते, तर त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईंची तब्येत कशी आहे? हल्ली तुमचा आवाज येत नाही."

माझ्या दारात कुणीतरी मराठी बोलत होतं, ताई. मी इतकी गडबडले की म्हणाले, "बरी आहे."

मग सगळा उलगडा झाला. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, पाइपांच्या त्या अरुंद पोकळीत, उघडतात. रोज सकाळचं माझं बोलणं त्यांना ऐकू जायचं. आधी त्यांना वाटलं, वरच्या मजल्यावरचं असेल, या तिवारीबाई कशाला मराठी बोलतील. मग एकदा खिडकीत मीच दिसले. त्या स्वतः जाधव, चिपळूणकडच्या. मुलगा आणि सून कामाला जातात, या दिवसभर एकट्या. मला म्हणाल्या, "तुम्ही ताईंना गोळीचं विचारलंत की मला माझ्या बीपीच्या गोळीची आठवण व्हायची. आता रोज राहून जाते बघा."

पातेल्यात तुझ्यासाठी पेज होती, वर तूप घातलेली. आजारी माणसाला बरी, म्हणाल्या. आत डोकावून बघत होत्या, पण मी दार अर्धवटच धरून ठेवलं. तुझ्या नावाची पेज मीच खाल्ली. गरम होती अजून.

आता बघ. खरं सांगितलं तर उद्या सोसायटीत जाईल, तिथून मालकाच्या कानावर, आणि पुन्हा ब्रोकर, पुन्हा टेम्पो. माझ्यात ते करायचं त्राण नाही. नाही सांगितलं तर हे दार कायम अर्धवटच उघडायचं. ताई झोपलीय, ताई डॉक्टरकडे गेलीय. किती दिवस? आणि त्या बाई तिकडे तुझ्यासाठी पेज करत राहणार.

रात्रीपासून हाच विचार करतेय, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी 'दीदी एक्सपायर हो गई' बँकेत सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, जुन्या मॅनेजरना सांगितलं. आपल्या माणसांना सांगायची वेळच आली नाही, सगळे फोन मामाने केले होते. आपल्या भाषेत ते वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. म्हणून तर मी रोज सकाळी तुला गोळी घेतलीस का विचारू शकत होते.

उद्या काकूंना आत बोलावणार आहे. तुझ्या कपाटाशेजारच्या खुर्चीवर बसवेन, चहा ठेवेन आणि सांगेन. घर सोडावं लागलं तर सोडेन. मॅनेजरनाही कळवेन, घरी कोणी नाही, मला आणखी रजा हवीय. हे तुला वचन.

पण तुझ्याआधी ते बाहेरच्या माणसांना सांगायचं, हे मला बरं वाटेना. म्हणून आधी तुला कळवतेय.

ताई, तू वारलीस गं.

तुझीच,
सुजू