डावऱ्या मनवाची मूठ

गिरगाव, ३ जून २०२४

ती. सौ. ताईस,
सौमित्रचा शि. सा. न.

तुझी दोन ओळींची चिठ्ठी शेजारच्या लॉयडने आणून दिली. बिचारा परळला नोकरीला जातो आणि येताजाता आपलं टपालखातं चालवतो. फोन करत जा, असं त्याचं म्हणणं. त्याला सांगितलं, फोनवर आम्ही भावंडं भांडतो. कागदावर भांडायला कष्ट पडतात, म्हणून जरा कमी भांडतो.

तू लिहितेस, दस्ता खरखरीत आहे, मनवाच्या हाताला लागतो, गुळगुळीत हवा, तुझ्याकडून काय ते पाठव. आजकालची मुलगी हाताने लिहायला बसते हे वाचूनच माझ्यातल्या मास्तराचा ऊर भरून आला. ठाकूरद्वारच्या दुकानातून उत्तम कागदाचा एक दस्ता घेतला आहे. इतका गुळगुळीत की माशी घसरेल. काय लिहिते आहे तेही कळव.

दाजींना नमस्कार. 

तुझा,
सौमित्र

---

लालबाग, ५ जून

चि. सौमित्रास,
अ. उ. आ. (आज जरा हात आखडून.)

कागद पोचला. हे इतके हसले की चहा नाकात गेला. अरे विद्वाना, बंदुकीचा दस्ता! बाबांच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचा. शाळेत संस्कृत शिकवतोस की कागद विकतोस?

मनवा वर्षभर दादरला नेमबाजीच्या वर्गाला जाते, हे तुला गणपतीत सांगितलं होतं; तू मोदक मोजत होतास. तिच्या सरांनी बाबांची बंदूक तपासली आणि नळी अजून सुरेख आहे म्हणाले. या महिनाअखेर संघाची निवड आहे आणि बाईसाहेबांना आजोबांचीच बंदूक हवी. पण ती डावरी. बाबांनी दस्त्याची मूठ घडवली स्वतःच्या उजव्या पंज्याला. तळव्यात भरणारा तो उंचवटा हिच्या बोटांखाली येतो, आणि बोट चापापर्यंत मोकळं पोचत नाही. दोनदा नेम हुकला तेव्हा बाहेर जाऊन रडली. मला म्हणाली, डोळ्यात काहीतरी गेलं.

तर तो उंचवटा उतरवायचा आहे. बंदूक माझ्याकडे, हत्यारांची पेटी तुझ्याकडे, अशी वाटणी ज्याने केली त्याचं डोकं थोर. कानशी आणि छोटा रंधा लॉयडबरोबर पाठव.

ताई

---

गिरगाव, ७ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. आणि कान धरून क्षमायाचना.

चूक माझी, पण थोडी भाषेचीही. कागदाचा तो दस्ता आणि बंदुकीचाही दस्ताच. फारसीत दस्त म्हणजे हात, आपल्या 'हस्त'चा सख्खा भाऊ. मुठीत मावेल तो दस्ता. हे मी आज सुट्टीतल्या जादा वर्गात सांगितलं, तर मुलांनी बंदुकीविषयीच विचारलं.

पेटी माळ्यावरून काढली. झाकण उघडलं आणि जवसाच्या तेलाचा तो वास आला. गिरणीच्या सुतारखात्यातून बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला यायचा, तोच. एकेक हत्यार काढून हुंगत बसलो. तुझी भावजय विचारून गेली, बरं वाटत नाही का.

ताई, हत्यारं पाठवत नाही. तुझ्याकडे आलो की मी ती बंदूक हातात घेतो, तू पाहिलं असशील. मला नेम धरता येत नाही. पण त्या मुठीत पंजा ठेवला की बाबांचा हात हातात आल्यासारखं वाटतं. त्यांचा फोटो आहे, चष्मा आहे. हात तेवढा तिथेच आहे. कानशीच्या दहा फटक्यांत तो भुसा होईल. मनवासाठी नवा दस्ता करून घेऊ, मी सुतार शोधतो.

एवढं ऐक.

सौमित्र

---

लालबाग, १० जून

चि. सौमित्रास,
अनेक आशीर्वाद, आज पूर्ण मापाने.

पत्र दोनदा वाचलं. पण बंदूक आपल्या घरी आली तो दिवस तू विसरलास. बाबांनी ती माझगावच्या मॅथ्यूकाकांकडून घेतली. दस्ता होता मॅथ्यूकाकांच्या हाताचा, म्हणजे केळ्याच्या घडाएवढ्या पंज्याचा. बाबांनी त्याच संध्याकाळी खाटेच्या पायाला टेकवून कानस लावली. आई ओरडली, दुसऱ्याची वस्तू आल्या आल्या कशाला कोरताव? बाबा म्हणाले, जेचा नेम, तेची मूठ.

नवा दस्ता व्हायला वेळ नाही आणि मनवाला तो नकोही आहे. तू हत्यारं दिली नाहीस तर मी बाजारातली कानस आणीन आणि लाकूड फाटलं तर तुझ्या नावाने फाटेल.

आपण दोघं त्या मुठीला धरून बसलो, तर पोरीने काय धरायचं?

ताई

---

गिरगाव, १२ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

पेटी लॉयडच्या खांद्यावर येते आहे. आत काय कशासाठी ते लिहितो. हे ज्ञान माझं नव्हे. बाबा तुला शिकवायचे तेव्हा मी बाजूला रूपं घोकत होतो, त्यात हेही पाठ झालं.

रंधा मागितलास, तो मुद्दाम काढून ठेवला आहे. रंधा सरळमार्गी, आपल्या मोठ्या काकांसारखा. वळण आलं की बिथरतो आणि लाकडाची सालं उपटतो. मोठ्या दात्यांची कानस फक्त उंचवट्याचा डोंगर उतरेपर्यंत. ढकलताना दाब, परत आणताना उचलायची. डोंगराची टेकडी झाली की ती ठेवून दे, तिला थांबणं ठाऊक नाही. मग अर्धगोल कानस, गोल बाजूने, बोटांच्या खाचेसाठी. दर थोड्या वेळाने मनवाच्या हातात देऊन बघ. डोळ्याला बरोबर दिसतं ते हाताला नसतं. कानशीच्या रेघा फुटक्या काचेच्या कडेने खरवडून काढायच्या, बोटांना फडकं गुंडाळून. शेवटी पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेबरोबर. ओलं फडकं फिरवलंस की रोम उभे राहतील; वाळू दे, पुन्हा घास. मग तेल.

मी येत नाही. माझ्याने बघवणार नाही.

सौमित्र

---

लालबाग, १७ जून

चि. सौमित्रास,
अ. उ. आ.

झालं. पहिला फटका मारायला मला अख्खी सकाळ लागली. हे दोनदा विचारून गेले, पेटी परत पाठवायची का. मग मनवाने बंदूक मांडीवर आडवी धरली आणि मी कानस ढकलली. वरचं काळं तेलकट साल गेलं आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं, काल कापल्यासारखं. तेव्हा मात्र मी थांबले नाही. ओल्या फडक्याचं तू लिहिलंस ते बरं झालं, मी विसरले होते.

निवड अजून व्हायची आहे. पण काल सरावाहून आली ती न जेवता मला दाखवायला बसली, बोट कसं पोचतं ते.

तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे इथे येऊन तुझा चेहरा पडायला नको. आता ती मूठ तुझ्या हातात बसणार नाही. संध्याकाळी तेलाचा शेवटचा हात दिल्यावर मी धरून पाहिली, मलाही टोचली. बराच वेळ तशीच धरून होते. मनवा समोर उभी होती. म्हणाली, "आई, सोड ना. माझी आहे ती."

मी सोडली.

रविवारी जेवायला ये. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ताई