टर्किफूट ओढ्यावरचा ॲम्ब्रोज

६ मार्च २०१८, मंगळवार

सापडला! ॲम्ब्रोज गॅथराइट, सन १७८३, करयादीचं सातवं पान. शाई तपकिरी झालीय, पण नाव स्वच्छ. घोडे पाच, गुरं एकोणीस. मी एवढ्या मोठ्यांदा "अरे देवा!" म्हटलं की दफ्तरखान्यातल्या ट्वायलाबाईंनी चष्म्यावरून डोळे वटारले.

घरी येऊन वेंडेलला सांगितलं तर म्हणतो, "मग? मी काय सांगत होतो! आपला मूळपुरुष ऐरागैरा नव्हता." जसं काही ती यादी यानेच लिहून ठेवली होती.

हे सगळं त्याच्या पाटीसाठी चाललंय. जुलैत सगळे गॅथराइट चर्चला जमतात. त्याआधी तिथल्या अंगणात ॲम्ब्रोजच्या नावाची पितळी पाटी बसवायची, हा आमच्या थोरल्या भावाचा हट्ट. पाटीवर घालायला जन्म, मृत्यू, जमीन, काहीतरी खरं हवं ना. याचे गुडघे गेलेले. "लोरी, तू रिकामी आहेस, तुला वाचता येतं, तू जा." चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली मी. मला वाचता येतं हे त्याला आत्ता कळलं!

८ मार्च

ॲम्ब्रोज दोन आहेत! एकाच साली, एकाच यादीत. कारकुनाने बिचाऱ्याने पुढे लिहून ठेवलंय — एक "नदीकाठचा", एक "टर्किफूट ओढ्यावरचा". अर्धा दिवस डोकं धरून बसले. मग जमिनीची खतं काढली. आम्ही आजही ओढ्यावरच राहतो, म्हणजे आमचा ओढ्यावरचा. झालं! हजार एकरांचा धनी तो नदीकाठचा. आमच्याकडे तीनशे दहा.

वेंडेलचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हजार एकर, हजार एकर ऐकत आम्ही दोघं वाढलो.

"नीट वाचलंस ना?"

"शून्य मी खाल्लं नाही वेंडेल. जेवणाचा डबा नेला होता."

हसला नाही.

१३ मार्च

त्या याद्यांत नुसती घोडी-गुरं नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं गुलामांचीही नावं लिहिलीत. पीटर. म्हातारी सॅल. हॅना. पेशन्स, सोळाच्या आतली.

असणारच होती. तंबाखू लावायचा आणि माणसं विकत घ्यायची नाहीत असा जमीनदार व्हर्जिनियात या भागात कोण होता? हे काय मला माहीत नव्हतं? माहीतच होतं. पण माहीत असणं निराळं आणि घोड्यांच्या खालच्या ओळीत, त्याच हस्ताक्षरात एका मुलीचं नाव वाचणं निराळं. मी ते नाव बोटाने झाकलं. मग बोट काढलं.

वेंडेलला फक्त घोड्यांचं सांगितलं.

१५ मार्च

आज वही माझ्यासमोर होती आणि पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "तुमचं अजून किती चालेल हो? मला तीच हवीय."

माझ्याच वयाची बाई. उंच, काळीसावळी, केस पांढरे, पाठ ताठ. अर्नेस्टीन वोमॅक. डॅनव्हिलला एकतीस वर्षं टपाल वाटलं तिने. "पत्ता चुकीचा असला तरी मी माणूस शोधून काढते. जरा वेळ लागतो, एवढंच." ती कोणा डायसीला शोधतेय — तिच्या आजीची पणजी. १८७०च्या खानेसुमारीत डायसी सापडली: वय सत्तर, मुक्काम टर्किफूट, आडनाव गॅथराइट. त्याच्या मागे नुसता अंधार.

"तुमचं आडनाव काय म्हणालात?"

मी म्हटलंच नव्हतं. आता म्हणावं लागलं.

तिने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, परत घातला. "बरं," म्हणाली. "म्हणजे आम्ही तुमच्याच घरचे."

चिडली असती तर बरं झालं असतं. दुपारी कचेरीबाहेरच्या बाकावर बसून माझं चीज-मिरचीचं सँडविच दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं. चार जण बघून गेले. बघू देत.

२० मार्च

१८०८च्या यादीत ॲम्ब्रोज नाही! त्याच्या जागी "कै. ॲम्ब्रोज गॅथराइट यांची मालमत्ता". म्हणजे म्हातारा सात साली गेला. मृत्युपत्रांच्या वहीत तासभर चाळलं आणि मिळालं.

थोरल्या मुलाला अमुक शेत, मधल्याला तमुक, लिटलबेरीला (हा धाकटा, आमचा) घर आणि ओढ्याकाठची जमीन. आणि मग खाली, शेवटून दुसरं कलम. उतरवून आणलंय: "माझी बाई पेशन्स आणि तिची लेकरं ही माझ्या मृत्यूनंतर स्वतंत्र असावीत, व त्यांच्यावर माझ्या कोणाही वारसाचा हक्क नसावा."

मी खुर्चीत रडले. खोटं का लिहू — अभिमानाने रडले. वाटलं, चला, निदान आमचा माणूस तसा नव्हता!

वेंडेल तर टाळ्या पिटायचा बाकी होता. "हेच घालायचं पाटीवर! 'त्याने आपले गुलाम मुक्त केले.' हजार एकर गेले खड्ड्यात."

परवा अर्नेस्टीन येणार आहे. कधी एकदा सांगते असं झालंय.

२२ मार्च

अर्नेस्टीनचा फोन — गाडी बंद पडली, आज येत नाही.

ट्वायलाबाई म्हणाल्या, "मृत्युपत्र वहीत असतं, पण सुटे कागद पुडक्यात असतात, ते बघितलेत का?" आणि फितीने बांधलेलं पुडकं पुढ्यात ठेवलं. न बघते तर बरं होतं.

पहिला कागद: मयताच्या चीजवस्तूंची यादी, मेल्यावर सहा महिन्यांनी केलेली. गाडा. दारू गाळायची तांब्याची भट्टी. पेशन्स. डायसी, वय सात. एक तान्हं. पिसांची गादी.

दुसरा कागद: तिन्ही मुलांचा कोर्टाला अर्ज. वडील शेवटी भ्रमिष्ट झाले होते, ते कलम ध्यानात घेऊ नये. खाली तीन सह्या. कोर्टाने मान्य केलं, एका ओळीत. एका ओळीत!

तिसरा: वाटणी. पेशन्स थोरल्याकडे. डायसी लिटलबेरीकडे. तान्ह्यापुढे काहीच लिहिलेलं नाही.

लिटलबेरीची सही सुरेख आहे. 'ल'ची शेपटी वळवून नावाखाली रेघ ओढलीय. वेंडेल अगदी अशीच सही करतो.

देवाची कृपा, ती आज आली नाही — असं माझ्या तोंडून चक्क निघालं. ट्वायलाबाईंनी ऐकलं असेल.

२९ मार्च

अर्नेस्टीन आली होती. सांगितलं नाही. हवेबद्दल बोलले. मका यंदा लवकर पेरावा की नाही याबद्दल बोलले! मला मक्यातलं काय कळतं? ती घरून माझ्यासाठी ॲपल पायचा तुकडा घेऊन आली होती, रुमालात बांधून. खाल्ला.

पुडकं मी कपाटात परत ठेवायला दिलं. मागेल तिला ते मिळतं, पण मागायचं असतं हे तिला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

१ एप्रिल, ईस्टर

जेवताना वेंडेलला सगळं सांगून टाकलं. हॅम कापता कापता थांबला.

"मृत्युपत्र खरं आहे ना?"

"खरं आहे."

"म्हाताऱ्याने लिहिलं होतं ना तसं?"

"लिहिलं होतं. पण झालं नाही."

"मग पाटी म्हाताऱ्याची आहे. पोरांची नाही. पुढचं कोणी विचारलंय का आपल्याला?"

"एकजण विचारतेय. दर गुरुवारी."

"लोरी, दोनशे वर्षं झाली. कोणाचा हात धरून सोडवणारेस तू आता? त्या बाईला सुखाने राहू दे, आपल्यालाही राहू दे."

भांडी आपटत घासली. त्याचं सगळंच चूक नाही, हेच तर दुखतं. हे ऐकून तिला सुख कुठलं मिळणार?

३ एप्रिल

सांगितलं.

फोनवर नको म्हणून डॅनव्हिलला गेले, तिच्या घरी. नकला तिच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, "हे मला बावीस तारखेपासून माहीत आहे." आधी तेच म्हटलं. नाहीतर नंतर धीर झाला नसता.

तिने सावकाश वाचलं. बोटाखाली एकेक ओळ धरून, टपाल लावल्यासारखं. मृत्युपत्र. अर्ज. यादी. मग परत मृत्युपत्र. मी खिडकीतून तिचा टोमॅटोचा वाफा बघत राहिले.

मग म्हणाली, "माझी आजी म्हणायची, 'आपण एकदा सुटलो होतो गं. कागदावर सुटलो होतो.' आम्ही पोरं हसायचो. म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणायचो. मी स्वतः तिची नक्कल करायचे, काठी घेऊन." कागदाची कड बोटाने सरळ केली. "शेवटी शेवटी तिने सांगणंच सोडून दिलं."

आणि मग रडली. मी हात पुढे करावा की नाही, कळेना. केला. तिने धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

निघताना दारात म्हणाली, "बारा दिवस लावलेस तू."

तू म्हणाली. पहिल्यांदाच. रागाने म्हणाली की कसं, घरी येईपर्यंत ठरवू शकले नाही.

५ एप्रिल

दफ्तरखान्यात दोघी एकाच टेबलावर. पुडकं मधे. मला जे दिसलं नव्हतं ते तिला दिसलं — वाटणीबरोबरचा नकाशा, घडीत घडी घालून ठेवलेला. घर, झरा, तंबाखूची कोठारं. आणि झऱ्याच्या वर चढावर एक छोटा चौकोन: "मजुरांचं दफनस्थान, अर्धा एकर."

"ही जागा आता कोणाकडे आहे?" तिने विचारलं.

वेंडेलचं मागचं कुरण.

१२ एप्रिल

वेंडेल ऐकेना. "कुरणात काही नाही. नुसती वेल माजलीय. मी जन्मभर तिथे गुरं चारली, मला विचार."

"मग बघायला आली तर काय बिघडतं?"

"माझ्या कुरणात —"

"आपल्या," मी म्हटलं. "वडिलांनी दोघांच्या नावावर केलंय. मीही खतं वाचायला शिकलेय आता."

उठून बाहेर गेला. गुडघे दुखत असताना पायऱ्यांचा कठडाही न धरता. तीन दिवस बोलेल असं वाटत नाही.

१८ एप्रिल

सहा दिवस झाले. मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घेतो.

२१ एप्रिल, शनिवार

अर्नेस्टीन आली. चांगले बूट घालून, डोक्यावर चर्चची टोपी. मी तिला झऱ्यावरून वर नेलं.

सदाहरित वेलीला निळी फुलं आलीत, अख्खा चढाव निळा. इतकी वर्षं ते मी रान समजत होते. ती म्हणाली, "ही वेल आपोआप येत नाही, कोणीतरी लावते. आमच्याकडे प्रत्येक जुन्या थडग्यावर हीच असते." वेल बाजूला केली तर जमिनीत खळगे. माणसाच्या लांबीचे. एकाशेजारी एक, सगळे पूर्वेकडे पाय करून. काही अगदी छोटे.

ती वाकून एकेका खळग्यापाशी थांबत गेली. नाव एकच घेत होती, प्रत्येक ठिकाणी तेच. कुठला तिचा हे कसं कळणार? म्हणून सगळ्यांनाच डायसी म्हणाली.

मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पण दगड कुठे गेले? दगड असतातच. गरिबातला गरीब माणूसही डोक्याशी एक धोंडा उभा करतो."

दोनच धोंडे सापडले, तेही कडेला झाडीत. मागे वळून पाहिलं तर कुंपणापाशी वेंडेल. काठी टेकत एवढं वर आला होता! हातात टोपी. अर्नेस्टीनने मान लववली. "नमस्कार, गॅथराइटसाहेब. तुम्ही इथेच वाढलात. इथे दगड असल्याचं आठवतं का?"

तो वळला. टोपी घालायचंही विसरला आणि तसाच उतरणीला लागला.

मला इतकी लाज वाटली! तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे. वर आला ना."

९ मे

वेंडेल जेवत नाही. बिस्किटाला लोणी लावतो आणि तसंच ठेवतो. गुडघे का, विचारलं. नाही. डॉक्टर? नाही. आज पाटीवाल्याला फोन करून पाटी नको म्हणाला. मी कारण विचारलं तर म्हणे, "मजकूर जमत नाही."

१३ मे, रविवार

सकाळी चर्चला निघायच्या आधी कॉफीवर एकदम बोलला. कपाकडे बघत.

"एकेचाळीस होते."

"काय एकेचाळीस?"

"दगड. मी मोजले होते. अठ्ठावन्न सालच्या वसंतात बाबांनी कुरण मोकळं करायला काढलं. मी तेरा वर्षांचा. ट्रॅक्टरमागे बिनचाकांची घसरगाडी लावून मीच ओढले. 'हे काय आहेत?' विचारलं, तर म्हणाले, 'दगड आहेत. चांगले, सपाट.'"

"कुठे नेलेत?"

त्याने चमच्याने पुढच्या दाराकडे दाखवलं.

मी सात वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात नव्या दगडी पायऱ्या झाल्या म्हणून मी दिवसभर तिथेच खेळायचे. आई म्हणायची, उतर आता, झिजवशील.

अर्नेस्टीनला फोन केला. ती निघालीय.

चर्चला गेलो नाही. वेंडेल कोठारातून पहार घेऊन आला. आम्ही दोघं मागच्या दाराने बाहेर पडलो.