लॅमिनेट केलेला नकाशा

तीर्थस्वरूप साडूभाऊंना धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (गुडघे कुरकुरतात, तेव्हा सहा अंगं प्रत्यक्ष आणि उरलेली दोन मनोमन टेकवली आहेत असं समजावं.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुमची साखर काय म्हणते? ताईंचे पाय कसे आहेत? जिना उतरणं अजून बंदच आहे का? ही रोज विचारते, आणि मी रोज ‘फोन करतो’ म्हणून दुकानात पळतो. पत्रास कारण की, गेल्या खेपेस तुमच्याकडे आलो होतो तेव्हा माझी काळी छत्री बहुतेक तुमच्या दारामागे राहिली. सापडल्यास कळवावे. एवढंच लिहायचं होतं, पण कागद मोठा आहे.

आता छत्रीचा विषय निघालाच आहे तर त्या रविवारचाही काढतो. तुम्ही तीन रविवार झाले विमान चालवायला बसला नाहीत. पडद्यावर तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी झालाय, तो मी चार वाजल्यापासून सहापर्यंत बघत बसतो. दोन वर्षं आपण दर रविवारी आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसून, कानाला हेडफोन लावून, शेजारी-शेजारी विमानं उडवली. तुम्ही औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेले, मी झेरॉक्स-लॅमिनेशनच्या दुकानात अजून अडकलेला. खऱ्या विमानात मिळून आपण दोनदा बसलो, त्यातही एकदा मी झोपलो होतो. पण रविवारी आपल्यासारखे वैमानिक नव्हते हो.

भांडण फक्त नकाशांवरून. विमानतळावर कुठून वळायचं, किती उंचीवर यायचं, हे दाखवणारे नकाशे तुम्ही वर्गणी भरून घ्यायचे. ते दर अठ्ठावीस दिवसांनी नवे होऊन यायचे, आणि जन्मभर बाटल्यांवरच्या तारखा तपासलेल्या माणसाला आणखी काय हवं? मी मात्र फुकट ते पौष्टिक या पंथाचा. सरकारी खात्याच्या साइटवरून नकाशे उतरवले, दुकानात छापले, भोकं पाडून फायलीला लावायच्या बेताचे केले आणि वर लॅमिनेट करून टाकले. (आमच्या दुकानात लॅमिनेट न होता सुटलेली वस्तू म्हणजे फक्त ही, आणि तीसुद्धा मशीनपासून चार हात लांब उभी राहते.) चहा सांडला तरी फडक्याने पुसला की नकाशा कोरा करकरीत. तुम्ही एकदा पेनाने त्यावर दुरुस्ती करायला गेलात, तर शाई टिकेना. तेव्हा मी किती हसलो होतो! असा एक रविवार गेला नाही की मी तुम्हाला ‘उधळे’ म्हटलं नाही. तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणायचात.

त्या रविवारी मात्र गोष्ट वेगळी होती, आणि ते मला कळायला हवं होतं. ताईंना माहेरच्या गावावरून न्यायचं होतं. दोन वर्षं त्या जिना उतरलेल्या नाहीत, आता गावाला जाणं व्हायचं नाही, हे त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा वरून तरी नदीचं वळण आणि सासऱ्यांच्या शाळेचं लाल छप्पर दाखवायचं आणि तिथल्या विमानतळावर उतरवायचं, असा तुमचा बेत. तुमचा हात आताशा कापतो म्हणून विमान मी चालवायचं आणि नकाशा तुम्ही वाचायचा, असं ठरलं होतं. आम्ही दोघं आलो, मी काखेत फाइल मारून. स्टिअरिंग शिलाई मशीनच्या टेबलाला बांधलेलं. ताई ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर पर्स घेऊन मागच्या खुर्चीत बसल्या. खिडकीची बाजू कुठली, असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही खुर्ची डावीकडे सरकवलीत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण मी ते एकदा माझ्या हाताने लिहिणार आहे. गावाच्या अलीकडे ढग लागले. माझ्या नकाशावर लिहिलं होतं की टेकडीआधी रेडिओचा खांब लागेल, त्यावर आलं की विमानातल्या तबकडीची सुई फिरेल, मग डावीकडे वळा. सुई ढिम्म हलेना. तुम्ही हळूच म्हणालात, “वळा आता. तो खांब काढून टाकलाय.” त्यावर मी काय बोललो? “बाटल्यांवरच्या तारखा वाचण्यात जन्म गेला तुमचा, विमान आम्हाला चालवू द्या!” माझ्या बायकोसमोर, ताईंसमोर बोललो. आणि सुईची वाट बघत सरळ गेलो तो टेकडीवर. (घाईत पाय शिलाई मशीनच्या पायडलवर पडला, त्यामुळे शेवटच्या क्षणी विमान वर गेलं नाही, शिलाईची सुई मात्र खालीवर झाली. मला हवी होती ती सुई ही नव्हे.) पडदा काळा झाल्यावरही मी गप्प बसलो नाही. मध्येच बोललात म्हणून झालं, असं तुम्हालाच ऐकवलं.

ताईंनी पर्सची चेन लावली, उठल्या आणि म्हणाल्या, “राहू दे. पोचल्यासारखंच झालं.” साडूभाऊ, टेकडी मी विसरेन, पण ती चेन लावल्याचा आवाज माझ्या कानातून जात नाही. तुम्ही कॉम्प्युटर बंद केलात, त्यावर रुमाल टाकलात आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आलात. तुम्ही चार शब्द सुनावले असते तर मी बरा झालो असतो.

घरी येऊन नकाशा उजेडात धरला. तारीख कुठे दिसेना. तेव्हा लक्षात आलं की ती ज्या कोपऱ्यात छापतात, तिथेच मी फायलीचं भोक पाडलं होतं. कॉम्प्युटरवरची मूळ फाइल शोधली, तर नकाशा दोन वर्षांपूर्वीचा, आपल्या पहिल्या रविवारी उतरवलेला. मग त्याच फुकटच्या सरकारी साइटवर गेलो, तर नवा नकाशा तिथे हजर, फुकटच, आणि वर चौकटीत ठळक लिहिलेलं, ‘खांब काढला आहे’. म्हणजे फुकटचा नकाशाही वाईट नव्हता आणि तुमचा विकतचाही. तोही बदलत होता, तुमचाही बदलत होता. बदलत नव्हतो तो मी, आणि त्यावर मी प्लास्टिकही चढवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर टेकडीवर चढला. मला फार वाईट वाटतं, यापेक्षा शहाणं वाक्य मला सुचत नाही.

ताईंना नमस्कार. तुमचा राग ओसरला नसेल तरी साखरेची गोळी चुकवू नये.

आपला,
धाकटा साडू

ता. क. छत्री सापडली. माझ्याच दारामागे होती. खरं सांगायचं तर हरवलीच नव्हती.

ता. क. दुसरा. येत्या रविवारी चारला ताईंची खुर्ची पुन्हा डावीकडे ठेवाल का? नकाशा तुम्ही वाचायचा, मी तोंड उघडणार नाही. अकरा वेळा सराव केलाय. नऊ वेळा नीट उतरलो, दोन वेळा शाळेवर. (हे ताईंना सांगू नये.)

ता. क. तिसरा. सरावासाठी जुन्या मेल चाळताना तुमच्या नकाशा कंपनीची एक न उघडलेली मेल दिसली, दोन वर्षांपूर्वीची. तुमच्या वर्गणीत दुसरा माणूस म्हणून पहिल्याच दिवशी तुम्ही माझं नाव घातलं होतंत. मी तुम्हाला उधळे म्हणत होतो त्या प्रत्येक रविवारी ते तिथे होतं. तुम्ही एकदाही बोलला नाहीत हो.

ता. क. शेवटचा. सवयीने हे पत्रही मशीनमध्ये घालत होतो, पण हिने हात धरला. म्हणाली, माफीचं पत्र समोरच्याला फाडता आलं पाहिजे. तेव्हा साध्या कागदावर पाठवतोय. फाडायचं असेल तर फाडा, पण आधी ताईंना वाचून दाखवा.