देवघरातल्या दिव्याचा नवा अडॅप्टर

मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

देवघरातला छोटा एलईडी दिवा आज पुन्हा लागला. जुन्या अडॅप्टरची पिन खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडून सडली होती. नवा बारा व्होल्टचाच आणला, दुकानात दोनदा वाचून घेतला, तरी जोडताना धाकधूक. दिवाच गेला तर?

तेवढ्यात बाबा मागून म्हणाले, "थांब गो. गाऱ्हाणा घालूक व्हया."

मी पिन हातात धरून बघतच राहिले. पूर्वी देवापुढे अख्ख्या वाडीचं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं, बाबा घालायचे. अर्धांगाच्या झटक्याने जीभ जड झाली आणि त्यांनी ते सोडलंच. यंदा गणपतीतही शेजारच्या काकांना पुढे केलं. आणि आज, अडॅप्टरसाठी?

"बा देवा म्हाराजा, आमचा चेडू नवो अडॅप्टर जोडता. तेची पिन हिरवी पडूक दिऊ नको, म्हाराजा!"

अडखळत, शब्द शोधत, पण पुरं केलं. स्वयंपाकघरातून आई रीतीप्रमाणे ओरडली, "व्हय म्हाराजा!" मी बटण दाबलं.

दिव्याकडे कोण बघतंय? मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते.

जेवताना म्हणाले, "पंखो पण खडखडता. उद्या तेचाय गाऱ्हाणा घालूया."