गॅप इयर मी स्वतः घेतलंय

१२ जून
आजपासून रोजनिशी. मोठमोठ्या डॉक्टरांना ही सवय असते म्हणे. पुढे आठवणी लिहायच्या झाल्या तर शोधाशोध नको.

एक गोष्ट पहिल्याच पानावर स्पष्ट करून ठेवतो. गॅप इयर मी स्वतः घेतलंय. मेडिकलची सीट थोडक्यात हुकली हे खरं, पण मिळाली असती तरी मी बहुतेक वर्षभर थांबलोच असतो. अनुभव हवा. बाबांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, थोडक्यात म्हणजे तुझ्यापुढे नऊ हजार पोरं होती. बाबा छापखान्यात आहेत. त्यांना अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही.

संकल्प : पहाटे उठणे. फिजिक्स. नोकरी धरून क्लासची फी स्वतः भरणे. बाबांकडून एक पैसाही न घेणे. (आजचं बसभाडं आईने दिलं. आईचं वेगळं.)

१९ जून
नोकरी लागली! प्रायव्हेट ॲम्ब्युलन्सवर पेशंट केअर असिस्टंट. मालकांनी नेमके हे शब्द वापरले नाहीत. ते म्हणाले, उचलायला एक माणूस पाहिजे.

गाडीत स्ट्रेचर, ऑक्सिजनचा सिलिंडर, चाकाची खुर्ची आणि ड्रायव्हरकाका. काका मितभाषी. पहिला प्रश्न विचारला तो, कंबर कशी आहे? मी म्हटलं, मी पुढच्या वर्षी मेडिकलला जाणार आहे. ते म्हणाले, ते जाशील रे, पण कंबर?

स्टेथोस्कोप घेतला. गळ्यात घालून आरशात पाहिलं. शोभतो.

२३ जून
अंग ठेचून काढल्यासारखं दुखतंय. पहाटे उठणं सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच सुरू केलेली गोष्ट तडीस जात नाही.

२ जुलै
पहिली खरी इमर्जन्सी. एक आजोबा, छातीत दुखत होतं. हॉस्पिटलपर्यंत मी त्यांची नाडी सोडली नाही. घरच्यांना सारखा धीर देत होतो की नाडी उत्तम आहे, घाबरू नका. त्यांची मुलगी माझा दुसरा हात धरून रडली. देवासारखा भेटलास म्हणाली.

हॉस्पिटलच्या दारात तिथल्या डॉक्टरांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, यांना जाऊन बराच वेळ झालाय. मग मला बाजूला घेऊन विचारलं, नाडी कशी धरली होतीस? मी दाखवलं. अंगठ्याने धरायची नसते म्हणे. अंगठ्याला आपली स्वतःचीच लागते.

माझ्या मते त्या डॉक्टरांनी घाई केली. नाडी लागत होती, हे मी शपथेवर सांगेन. चांगली ठणठणीत होती.

१५ जुलै
आता एक नेहमीचा पेशंट मिळालाय. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवायचं, पट्टा बांधायचा, काकांनी वरून धरायचं, मी खालून. सगळा भार खालच्यावर येतो, हे काकांनी सांगितलं नव्हतं.

पहिल्या जिन्यात मी नम्रपणे म्हटलं, बाई, मी तुम्हाला नीट उचललो ना? त्या म्हणाल्या, "उचललं. उचललो नव्हे. आणि आधी उचल, मग विचार."

मी डॉक्टर होणार हे कळल्यापासून मला डॉक्टरच म्हणतात. आज खाली पोचल्यावर मला धापा टाकताना पाहून म्हणाल्या, काय डॉक्टर, पेशंट आणू का दुसरा? माणसाची पारख असलेली बाई.

११ ऑगस्ट
बाई मशीनवर असतात तेवढा वेळ आम्ही गाडीत रिकामे. अभ्यासाला आदर्श परिस्थिती. अडचण एवढीच की डायलिसिस सेंटरसमोर उतार आहे आणि हँडब्रेक ढिला आहे, त्यामुळे माझं झूलॉजीचं पुस्तक काका चाकाखाली घालतात. एवढं जाड गाडीत दुसरं काही नाही म्हणे. परत देताना झटकून देतात, हा त्यांचा चांगुलपणा.

क्लास लावला, स्वतःच्या पगारातून. दोनदा गेलो. तिथली मुलं फार लहान वाटतात. कुणी माणूस उचललेला नाही.

२८ ऑक्टोबर
बाईंच्या घरची मंडळी कळली. मुलगा कंपनीच्या कामाने सदा फिरतीवर. मी त्यांना दादा म्हणतो. सून, म्हणजे वहिनी, यांनी बाईंसाठी नोकरी सोडली. पाणी मोजून द्यायचं, मीठ तोडायचं, केळ्यांवर बंदी. बाई म्हणतात, एक दिवस मशीनचा, एक दिवस मशीन विसरण्याचा, की लगेच पुन्हा मशीनचा. मग आपला दिवस कुठला?

आज दादा घरी होते. बाईंनी काहीतरी विषय काढला तसे ते म्हणाले, आई, तसलं बोलायचं नाही, आणि नवी उशी आणायला बाजारात गेले. जिन्यात बाई म्हणाल्या, या वर्षातली ही पाचवी उशी. प्रेमळ कुटुंब आहे.

३ जानेवारी
नवं वर्ष, नवे संकल्प. मागचे संकल्प मुळात चुकीचे नव्हते, त्यामुळे तेच ठेवले.

मामा आले होते. म्हणाले, ॲम्ब्युलन्समागे पळून कुणी डॉक्टर होत नसतो, नाहीतर कुत्री कधीच झाली असती. आई हसली. मला तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

१७ फेब्रुवारी
आज आयुष्यातलं पहिलं लेक्चर दिलं म्हणायला हरकत नाही.

सेंटरवरून परत येताना बाई स्ट्रेचरवर पडल्या होत्या, डोळे मिटून. मला वाटलं थकल्यात. एकदम म्हणाल्या, "डॉक्टर, एक सांग. हे मशीन बंद केलं तर काय होतं?"

मी सुटलोच. रक्तात विषं कशी साठतात, पोटॅशियम कसं वाढतं, पाणी कुठे जातं, सगळं क्रमाने. बाई वर्गात बसावं तशा ऐकत होत्या. मग विचारलं, शेवटी काय होतं? मी सांगितलं, शेवटी माणसाला गुंगी येते, झोप लागते. दुखतं का? नाही, झोपच ती. नक्की? नक्की.

मग त्यांनी विचारलं, हे पाहिलंस की वाचलंस? मी म्हटलं, डॉक्टरला प्रत्येक गोष्ट पाहायची गरज नसते. (पुस्तकात याबद्दल एक ओळ आहे. पण ओळ स्पष्ट आहे.)

काका आरशातून बघत होते. म्हणाले, बाई, हे सेंटरच्या डॉक्टरांना विचारा. बाई म्हणाल्या, त्यांना विचारलं तर ते चांगलं चांगलं बोला म्हणतात, मुलाला विचारलं तर उशी आणतो. याला निदान उत्तर तरी येतं.

या वयात ज्ञानाची केवढी ओढ! तोंडी परीक्षा असती तर मी आज पहिला आलो असतो.

९ मार्च
काका त्या लेक्चरपासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. विचारलं तर म्हणाले, पेशंटशी कमी बोलत जा. हा पिढ्यांमधला फरक. आधुनिक वैद्यक संवादावर उभं आहे.

बाईंशी संवाद वाढतोच आहे. आज त्यांनी विचारलं, एखाद्याने मध्येच थांबायचं ठरवलं तर त्याला जबरदस्तीने मशीनवर बसवतात का? मी म्हटलं, पेशंटची संमती लागते. त्या म्हणाल्या, वा. मलाही वाटलं, वा.

४ एप्रिल
परीक्षा महिन्यावर आली. टाइमटेबल केलं, तीन रंगांत. फार सुबक झालंय.

बाई आज आल्या नाहीत. सर्दी आहे म्हणाल्या. सर्दी दिसली नाही, पण शाळा चालवलेली बाई खोटं कशाला बोलेल? दादा फिरतीवर. वहिनी आमच्यामागे जिन्यापर्यंत आल्या. हळूच मला विचारलं, एखादं डायलिसिस चुकलं तर चालतं का? मी म्हटलं, चालतं. शरीराला राखीव क्षमता असते. त्यांचा चेहरा एकदम सुटला. काका त्यांना म्हणाले, सेंटरला फोन करून विचारा. पण तोवर त्यांचं समाधान झालं होतं.

अर्धा दिवस मोकळा मिळाला. अभ्यास केला. (झोपलो.)

६ एप्रिल
आजही नाही. बाई इस्त्रीचे कपडे घालून खिडकीत बसल्या होत्या. आम्हाला चहा पाजला, स्वतः भरलेला कप घेतला. दुसराही. एवढ्या खुशीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मला म्हणाल्या, पेपरात पाल्हाळ लावू नकोस, विचारलंय तेवढंच लिही.

वहिनी म्हणाल्या, आज जायलाच हवं, आई. बाई म्हणाल्या, डॉक्टरला विचार, चालतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. आता एकदा चालतं म्हटलं होतं, लगेच शब्द कसा फिरवायचा?

ॲम्ब्युलन्सच्या स्टँडवर उतरल्यावर काकांनी स्वतःच सेंटरला फोन लावला. तिथून वहिनींना फोन गेला असेल. बाई आल्या मात्र नाहीत.

९ एप्रिल
दुपारी वहिनींचा फोन. बाईंना हॉस्पिटलमध्ये हलवलं. वहिनी मागे बसत होत्या, पण बाईंनीच त्यांना पुढे काकांशेजारी बसवलं. मागे मी एकटा. ऑक्सिजन मी लावला, अगदी बरोबर.

वाटेत बाई झोपूनच होत्या. मी सांगितलं होतं तसंच. दादा मिळेल त्या गाडीने निघालेत.

उद्यापासून बायोलॉजी.

१० एप्रिल
बाई गेल्या. दादा पोचायच्या आत.

११ एप्रिल
वय झालं होतं. आजारही जुना. शिवाय सर्दी. शिवाय निर्णय घरच्यांचा असतो, मी फक्त माहिती दिली. माहिती बरोबर होती.

बायोलॉजी जमली नाही.

१३ एप्रिल
काकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते चाकाखालचं पुस्तक काढत होते. म्हणाले, मला काय वाटायचं, मी ड्रायव्हर. पुस्तक झटकून हातात दिलं.

बाईंच्या वेळेला आता दुसरा पेशंट आहे. तळमजल्यावर राहतो. हलका आहे.

५ मे
परीक्षा झाली. मूत्रपिंडावर चार प्रश्न होते. चारही बरोबर. बाकीच्यांबद्दल आत्ताच काही बोलणं योग्य नाही.

बाबांनी पेपर कसा गेला ते विचारलं नाही. दुसऱ्या एका कॉलेजचा फॉर्म टेबलावर ठेवून कामावर गेले.

२१ मे
दादा आज स्टँडवर आले. काकांना माझ्याबद्दल विचारलं. काका गाडी पुसायला लागले, पुसलेलीच.

आम्ही दोघे गाडीच्या मागच्या पायरीवर बसलो. दादांची दाढी वाढली होती. ते म्हणाले, आई त्यांना फोनवर म्हणाली होती की मी डॉक्टरला सगळं नीट विचारून घेतलंय, तू काळजी करू नकोस. त्यांना वाटलं, सर्दीचं बोलतेय. नंतर सेंटरमध्ये एकेका डॉक्टरला जाऊन विचारलं. कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. मग वहिनींना आठवलं की आई डॉक्टर कुणाला म्हणायची.

त्यांनी विचारलं, तू सांगितलंस? मी म्हटलं, हो.

"ती कशासाठी विचारतेय, ते कळलं होतं तुला?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. पेशंटचा हक्क, संमती, सगळं. महिनाभर मनात घोकत होतो. तोंडातून आलं, नाही.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, मलाही नाही कळलं. मला तर ती स्वतःच सांगायला बघत होती.

मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत. चपलेच्या टोकाने माती उकरत बसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "शेवटी गाडीत तिच्याजवळ तूच होतास. त्रास झाला का रे तिला?"

मी म्हटलं, "नाही. झोपल्या होत्या."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगला डॉक्टर होशील, म्हणाले. गेले. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो. काका गाडी पुसायचे थांबले होते.

झोपल्या नव्हत्या. श्वास पुरत नव्हता, आडवं पडवत नव्हतं, म्हणून मी पाठीमागून धरून बसलो होतो. छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. माझ्या मनगटात त्यांची नखं रुतली होती. काचेपलीकडे वहिनींची पाठ दिसत होती. बाई सारखा मास्क बाजूला करत होत्या आणि मला विचारत होत्या, "डॉक्टर, झोप कधी येणार?"

मी म्हटलं, येईल आता.

हॉस्पिटलच्या दारापर्यंत त्या तेच विचारत होत्या आणि मी तेच सांगत होतो.